काटोलची पोरगी, थंड मुलखातली वाईन आणि बाबांचे दोन एकर

पत्र (थोडक्यात):

ताई, मी काटोल तालुक्यातली. घरी संत्र्याची बाग आहे. नागपूरला एलआयटीतून फूड टेक्नॉलॉजी केलं, सध्या बुटीबोरीत एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. मध्यंतरी अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याच्या डेव्हिड लेट या वाईनमेकरबद्दल वाचलं आणि तेव्हापासून तो विषय डोक्यातून जात नाही. मलाही थंड हवेच्या द्राक्षबागेत वाईन करायची आहे. त्यासाठी न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियात मास्टर्स करावं म्हणते. बाबा दोन एकर गहाण टाकायला तयार आहेत, पण ‘लोकांना काय सांगू?’ हेही रोज विचारतात. काका म्हणतात, ‘पोट्टी दारू गाळाले चाल्ली काय?’ मामांचं म्हणणं, परदेशात कशाला, इथंच संत्र्याची वाईन काढ. आणि खरं सांगू का, मी आजवर वाईन एकदाच चाखली आहे. आवडली नाही, आंबट लागली. वय २४. मी वेडेपणा करते आहे का?
— क., काटोल

उत्तर:

प्रिय क.,

वाईनमेकर व्हायचं म्हणतेस त्यात वेडेपणा काही नाही. एकही हंगाम न करता त्यासाठी बाग गहाण टाकणं, हा मात्र वेडेपणा आहे. बाबांना आजच सांग की सातबारा कपाटात ठेवा, त्याचं काम सध्या नाही. का ते पुढे येईलच.

आधी तुझ्या त्या आंबट घोटाबद्दल. तुला जे आवडलं नाही, त्याच्यासाठीच थंड प्रदेशातले वाईनमेकर जिवाचं रान करतात. द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक टिकून राहतं. मॅलिकचं तसं नाही, ऊन वाढलं की मणी ते श्वसनात जाळून टाकतो. द्राक्षशेतीत ‘थंड’ म्हणतात ते ज्या मुलखात वेलीच्या वाढीच्या सात महिन्यांचं सरासरी तापमान १३ ते १५ अंश असतं त्याला. आपल्या नागपुरातला जानेवारीदेखील त्याहून उबदार असतो. अशा थंडीत साखर हळूहळू चढते, आम्ल जागेवर राहतं आणि वासाची द्रव्यं तयार व्हायला वेळ मिळतो. म्हणून रीझलिंग, पीनो न्वार, शार्दोने या जाती तिथे खुलतात. नाशिकला नेमकी उलटी कसरत असते. जानेवारीच्या रात्री गार असतात म्हणून तिथे जमून जातं, पण फेब्रुवारीच्या शेवटी ऊन तापलं की साखर पळत सुटते, आम्ल कोसळतं, आणि वायनरीत टार्टारिक आम्ल वरून घालावं लागतं. थंड देशांत काही ठिकाणी कायद्यानेच रसात साखर घालायची परवानगी आहे. दोन्हीकडे झगडा साखर आणि आंबटपणाचाच, फक्त दोर उलट्या टोकाकडून ओढायचा. तुझ्या घरी संत्रं तोडणीला आलं की नाही हे ब्रिक्स (म्हणजे रसातली साखर) आणि आम्लतेच्या गुणोत्तरावरून ठरतं, तेव्हा हे काही तुला परकं नाही.

आता लेटबद्दल. त्याची गोष्ट तू वाचलीच आहेस, पण बक्षिसाचा भाग वाचून थांबली असशील अशी मला शंका आहे. दातांचा डॉक्टर व्हायला निघालेला हा मुलगा कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात द्राक्षं आणि वाईन शिकला. पीनो न्वारला थंड जागा हवी हे त्याच्या मनाने घेतलं. १९६५ मध्ये द्राक्षवेलीच्या तीनेक हजार काड्या घेऊन तो ऑरेगॉनच्या विलामेट खोऱ्यात गेला. तिथल्या थंडी-पावसात ही द्राक्षं पिकायची नाहीत असं त्याला शिकवणाऱ्यांनीच बजावलं होतं. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि नवराबायकोने डंडी टेकड्यांवर लागवड केली. १९७० साली पहिली वाईन निघाली ती इतकी फिकी, की पीनो न्वार हे नाव लावायची त्याला लाज वाटली. ‘स्प्रिंग वाईन’ म्हणून ती विकली. पोटासाठी तो पाठ्यपुस्तकं विकत फिरायचा. वायनरी थाटली ती मॅकमिनव्हिल गावात, टर्की पक्षी कापून साफ करायच्या जुन्या कारखान्यात. १९७५ च्या हंगामातली त्याची पीनो न्वार १९७९ मध्ये पॅरिसला गो-मियो या फ्रेंच खाद्य-मार्गदर्शकाच्या स्पर्धेत पहिल्या दहात आली. फ्रेंचांचा विश्वास बसेना. फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातल्या द्रुआँ या वाईन घराण्याने १९८० मध्ये बोन गावी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा ती दुसरी आली. १९८७ मध्ये त्याच द्रुआँ मंडळींनी डंडी टेकड्यांवर स्वतःसाठी जमीन घेतली!

गोष्ट छान आहे, पण तुझ्या कामाचा भाग त्यानंतरचा आहे. पुढे बाजाराची आवड बदलली. गडद, जाड, लाकडाचा वास मारणाऱ्या, चौदा-पंधरा टक्क्यांच्या वाईनला गुण मिळू लागले, आणि शेजारपाजारचे द्राक्षं वेलीवर जास्त पिकवू लागले. लेट बदलला नाही. फिका रंग, कमी अल्कोहोल, वापरून जुनी झालेली लाकडी पिंपं, यावर तो २००८ मध्ये जाईपर्यंत ठाम होता. त्याच्या जुन्या बाटल्या पुढे कित्येक वर्षं टिकल्या, तेव्हा त्याची बाजू लोकांना पटली. थंड प्रदेशातल्या वाईनमेकरचा खरा कस लागतो तो इथे. करता येण्यासारखं पुष्कळ असतं आणि त्यातलं बरंचसं करायचं नसतं. पीनो न्वारची साल पातळ, रंग मुळातच कमी. तो रंग काढायला सालं जोरजोरात घुसळली तर रंगासोबत बियांचा कडवटपणा उतरतो. मग काही जण ठेचलेली द्राक्षं चार-पाच दिवस गार ठेवतात, म्हणजे अल्कोहोल तयार व्हायच्या आधी सालीचा रंग-वास पाण्यात उतरतो. पुढे मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वापरायचे की नाहीत हेही वाईनगणिक ठरतं. लाल वाईनमध्ये बहुधा वापरतात. रीझलिंगमध्ये बहुधा नाही, कारण तिचा तो धारदार आंबटपणाच लोकांना हवा असतो.

पण सगळ्यात अवघड निर्णय कारखान्यात होत नाही, बागेत होतो. तोडणी कधी? हे चित्र तुझ्या डोळ्यांसमोर नीट असावं म्हणून जरा सविस्तर लिहिते. हंगाम जवळ आला की वाईनमेकर रोज सकाळी बागेत असतो. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, उन्हातल्या आणि सावलीतल्या, घडाच्या खांद्यावरच्या आणि टोकाच्या अशा शे-दोनशे मण्यांचा नमुना घ्यायचा, प्लास्टिकच्या पिशवीत कुस्करायचा, रसाचा ब्रिक्स, पीएच, आम्लता मोजायची. एवढं तू उद्या करू शकशील. टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने आम्लता मोजणं, तुझ्या रोजच्या हातचं काम आहे. पुढचं मात्र तोंडाने करायचं असतं. मणी चावायचा, साल वेगळी चघळायची, बी थुंकून बघायची. हिरवी असेल तर अजून वेळ आहे. तपकिरी आणि दाताखाली कुरकुरीत असेल तर जवळ आलं. रसात ढोबळ्या मिरचीचा वास येत असेल तर अजून कच्चं. समजा ब्रिक्स २१ आहे, तुला २२.५ हवा आहे, आणि चार दिवसांनी पावसाचा अंदाज आहे. पाऊस आला तर मणी फुगतील, फुटतील, घडात राखाडी बुरशी शिरेल. आज तोडलं तर वाईन थोडी हिरवट होईल. नाशिकचा माणूस अशा वेळी साखर पुढे पळते म्हणून घाईत असतो. ऑरेगॉनचा आभाळाकडे बघत थांबतो. कधी थांबायचं आणि कधी मजूर बोलवायचे हे सांगणारं कुठलंही यंत्र नाही. आणि चुकलं तर दुसरी संधी वर्षाने.

बाकी निसर्गाचे फटके तुला कोणी समजावून सांगायला नकोत. फेब्रुवारी-मार्चची गारपीट आणि बहाराची फळगळ बघत तू मोठी झालीस. तिकडे भीती असते ती वसंतातल्या हिमाची. कोंब फुटले आणि रात्री पारा शून्याखाली गेला की त्या वर्षाचं पीक तिथेच संपलं. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सने हे भोगलं. शाब्ली, बरगंडीत लोक रात्र रात्र बागेत मोठाल्या मेणबत्त्या पेटवून बसतात. काही ठिकाणी तर कोंबांवर तुषार सिंचनाने पाणी मारतात! वाचायला उलटं वाटतं, पण पाणी गोठताना उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फाच्या आवरणातला कोंब शून्याच्या आसपास राहतो आणि वाचतो. अट एकच, सकाळी बर्फ वितळेपर्यंत पाणी बंद पडू द्यायचं नाही. आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये हा प्रयोग करून बघ म्हणजे कळेल.

आता कामाचं रोजचं रूप. फोटोत ग्लास हातात धरून सूर्यास्त बघणारी माणसं दिसतात. हंगामात खरं काम धुण्याचं असतं. टाक्या, नळ्या, पंप, क्रेट, फरशी. बारा-बारा तासांच्या पाळ्या, रबरी बूट दिवसभर ओले, हात द्राक्षाच्या रंगाने काळेनिळे. आंबणाऱ्या टाकीवर तरंगणारा सालांचा थर दिवसातून दोन-तीनदा दांड्याने खाली दाबायचा, आंबवण संपलं की टाकीत उतरून चोथा फावड्याने बाहेर काढायचा. तिथे जीव जाऊ शकतो हे आधीच सांगून ठेवते. एक लिटर रस आंबताना चाळीस लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि टाकीच्या तळाशी साठतो. मीटरने हवा तपासल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा असल्याशिवाय टाकीत उतरायचं नाही, मालक स्वतः म्हणाला तरी नाही. हंगामी कामगार, मग प्रयोगशाळा, मग सहायक वाईनमेकर, मग कधीतरी वाईनमेकर. आठ-दहा वर्षं सहज जातात.

म्हणूनच मास्टर्स आधी नको म्हणते. न्यूझीलंडचं लिंकन, ऑस्ट्रेलियाचं ॲडलेड ही या विषयातली नावाजलेली विद्यापीठं आहेत, पण फी आणि राहणं धरून खर्च वीस लाखांच्या पुढे जातो. तो करून तिसऱ्या दिवशी कळलं की आपल्याला ओले बूट सोसत नाहीत, तर? आधी एक हंगाम कर. नाशिकला. जानेवारी ते मार्च तिथल्या वायनऱ्यांना हंगामी माणसं लागतात आणि तू फूड टेक्नॉलॉजीवाली, लॅब जाणणारी, तुला दारं बंद नाहीत. नाशिकची हवा थंड नाही, हे खरं. पण टाकी, पंप, यीस्ट, सल्फर डायऑक्साइड सगळीकडे सारखेच, आणि साखर पळते कशी हे एकदा बघितलंस की ती तिकडे रेंगाळते कशी याची किंमत कळेल. पैसे फार मिळणार नाहीत. बुटीबोरीच्या साहेबांकडे बिनपगारी रजा मागून बघ, राजीनामा लगेच नको.

त्यानंतर परदेशातला हंगाम. दक्षिण गोलार्धात तोडणी मार्च-एप्रिलला, म्हणजे ऑस्ट्रेलियातलं टास्मानिया किंवा न्यूझीलंडचं सेंट्रल ओटागो. उत्तरेत सप्टेंबर-ऑक्टोबरला. या धंद्यातली तरुण मंडळी अशीच गोलार्ध बदलत वर्षाला दोन हंगाम पदरात पाडतात. तुझ्या वयाला दोन वाटा उघड्या आहेत. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा सुरू केला, वर्षाला १,००० जागा, सोडतीने. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना २०२३ पासून आहे, तिलाही वयाची तीच अट, पदवी लागते, वर्षाला ३,००० पर्यंत जागा, तीही सोडतीनेच. ब्रिटनचं नाव वाचून हसू नकोस. इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्स-केंटमध्ये आता उत्तम फसफसती वाईन होते. शॅम्पेनच्या तेतांजे घराण्याने २०१७ मध्ये केंटमध्ये द्राक्षं लावली, ती काही हौस म्हणून नाही. हवा तापते आहे, कालपर्यंत जिथे द्राक्ष पिकत नव्हतं तिथे पिकू लागलं आहे, आणि तिथे माणसं लागणार आहेत. व्हिसाचे नियम बदलत असतात, तेव्हा त्या त्या सरकारच्याच संकेतस्थळावर बघ. ‘वायनरीत नोकरी पक्की, तीन लाख भरा’ म्हणणारा एजंट भेटला की चहा पिऊन उठ. दोनेक हंगाम झाले आणि ओढ तशीच राहिली तर मास्टर्सचा अर्ज कर. तेव्हा तुझ्या अर्जाला वजन असेल, शिष्यवृत्तीही मागता येईल. देशातच शिकायचं तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाईन आणि अल्कोहोलचं तंत्रज्ञान शिकवतात, आणि द्राक्षाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही मांजरीलाच आहे.

एक फरक लक्षात ठेव. मुंबई-पुण्यात वाईन चाखण्याचे सर्टिफिकेट कोर्स मिळतात. ते वाईन विकणाऱ्यांसाठी, हॉटेलवाल्यांसाठी. जीभ तयार व्हायला उपयोगी, पण ते करून कोणी वाईनमेकर होत नाही.

वाईन आवडत नाही याची काळजी सोड. एका ग्लासावरून काही ठरत नाही, आणि कुठली होती, किती दिवस उघडी होती, कोण जाणे. काळजी नाकाची कर. इतवारीत ठोक मसाल्याच्या गल्लीत जा, लवंग, दालचिनी, मिरी, धने, दगडफूल डोळे मिटून ओळखता येतात का बघ. घरी बहार आला की आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांच्या फुलांच्या वासात फरक लागतो का ते लिहून ठेव. वही कर. कामावर चाखायचं असतं ते थुंकण्यासाठी. दिवसाला तीस-चाळीस नमुने चाखणारा माणूस गिळत बसला तर दुपारपर्यंत आडवा होईल. काकांना हे जरूर सांग.

मामांचा संत्र्याच्या वाईनचा सल्ला प्रेमापोटी आहे, पण तो वेगळा धंदा आहे. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होऊ लागतो, ते त्यातल्या लिमोनिन या कडू द्रव्यामुळे, हे तू शिकलीच असशील. त्यावर मात करता येते, पण ते, परवाना आणि बाजार या तिन्हींशी एकदम लढायला अनुभवी माणूस लागतो. दहा वर्षांनी परत आलीस आणि तेव्हाही वाटलं तर मामांनाच भागीदार कर.

राहिले बाबा. ‘वाईन म्हणजे दारू नव्हेच, औषध आहे, फळांचा रस आहे’ असं त्यांना सांगू नकोस. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू द्यायचा निर्णय सरकारने घेतला तेव्हा हा युक्तिवाद आपण सगळ्यांनी ऐकला, आणि तो तेव्हाही लंगडा होता. बारा-तेरा टक्के अल्कोहोल म्हणजे दारूच. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पन्नास वर्षांपासून दारूबंदी आहे. तुमच्या नात्यागोत्यात त्या चळवळीला मानणारी माणसं असतील, दारूने उद्ध्वस्त झालेलं एखादं घरही असेल. त्यांचं दुःख खरं आहे आणि त्यांच्याशी वाद घालून तू जिंकणार नाहीस. ‘हो, दारूच आहे, आणि मला ती नीट, प्रामाणिकपणे बनवायला शिकायचं आहे’ एवढं सरळ सांग. पटलं नाही तरी तू खोटं बोललीस असं कोणी म्हणणार नाही. लोकांना काय सांगायचं हा प्रश्नही त्यातच सुटतो: जे घरात सांगितलं तेच बाहेर.

आणि बाबांना फेब्रुवारीत नाशिकला बोलावून घे. विदर्भ एक्सप्रेसने येतील नाहीतर समृद्धीने. त्यांना वायनरीच्या दुकानात नेऊ नकोस, थेट बागेत ने, वायनरीला द्राक्षं देणाऱ्या शेतकऱ्याकडे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, एकाच वेलीला वर्षातून दोनदा कात्री का लावतात हे तो बांधावर उभा राहून सांगेल. बाबा त्याला संत्र्याच्या बागेला ताण कसा देतात (पाणी तोडून), ताण कधी तोडतात ते सांगतील. तू मध्ये बोलू नकोस. भावाचा विषय निघेलच. वायनरी टनाला काय देते, पैसे किती दिवसांनी देते, ब्रिक्स कमी भरला तर कापते किती, हे प्रश्न बाबा तुझ्याहून चांगले विचारतील, आणि त्यांची उत्तरं तुलाही पुढे लागणार आहेत.

नाशिकचे अर्ज ऑक्टोबरअखेर गेलेले हवेत. डिसेंबरात विचारशील तर माणसं ठरलेली असतात. अर्जात लेटबद्दल काही लिहू नकोस, सगळेच लिहितात. टायट्रेशन येतं, एचएसीसीपीच्या (अन्नसुरक्षेच्या) नोंदी ठेवता येतात, रात्रपाळी चालते आणि पंचवीस किलोचं क्रेट उचलता येतं, एवढं लिही. आणि क्रेट खरंच उचलता येतं का ते आधी घरच्या बागेत बघून घे.

— ताई